पायावरची सूज आणि पेशीच्या केंद्रकातले रिसेप्टर

बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या नाशिकच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिच्या आईंना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू असताना तीन महिन्यांपूर्वी त्यांत पायोग्लिटाझोन १५ मिलिग्रॅमची भर पडली. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचे माप) ८.९ वरून ७.४ वर आले, परंतु घोट्यांभोवती सूज दिसू लागली आणि वजन अडीच किलोने वाढले. हे औषध न्यूक्लिअर रिसेप्टरवर काम करते एवढे तिने पुस्तकात वाचले आहे. हे रिसेप्टर चयापचयात नेमके काय करतात, त्यांचा कोणकोणत्या आजारांशी संबंध येतो, आणि जी गोळी साखर उतरवते तीच पाय का सुजवते, असे तिचे तीन प्रश्न आहेत. मी अंतःस्रावी ग्रंथींच्या आजारांवर नाशिकमध्ये बरीच वर्षे उपचार करतो आहे. माझ्या दृष्टीने या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गोष्टीत आहे, म्हणून आधी हे रिसेप्टर काय असतात ते सांगतो आणि मग आईंच्या गोळीकडे येतो.

इन्शुलिन किंवा अ‍ॅड्रेनालिन पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या आवरणावर बसवलेल्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, ते चिकटते आणि निरोप आत पोहोचवला जातो. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, थायरॉइड संप्रेरक, जीवनसत्त्व ड, मेदाम्ले आणि पित्ताम्ले यांचे तसे नाही. हे लहान आणि बहुतांशी मेदात विरघळणारे रेणू पेशीच्या आत पोहोचतात आणि तिथे अशा एका प्रथिनाला जाऊन बसतात, जे स्वतःच डीएनएला चिकटून जनुके चालू किंवा बंद करू शकते. हे प्रथिन म्हणजे न्यूक्लिअर रिसेप्टर. निरोप घेणारा आणि हुकूम बजावणारा इथे एकच असतो, मध्ये कोणी दलाल नाही. माणसाच्या शरीरात अशा रिसेप्टरांची ४८ जनुके आहेत. त्यांपैकी कित्येकांचा रेणू कोणता हे प्रथम ठाऊक नव्हते, म्हणून त्यांना ‘अनाथ’ रिसेप्टर म्हटले गेले आणि काही अजूनही अनाथच आहेत.

रचना पाठ करण्यापेक्षा डोळ्यांसमोर आणलेली बरी. रिसेप्टरच्या मधल्या भागात जस्ताचे दोन अणू असतात, प्रत्येक अणूला प्रथिनातली चार सिस्टीन (एक अमिनो आम्ल) धरून ठेवतात, आणि त्यातून तयार झालेली दोन ‘बोटे’ डीएनएच्या ठरावीक अक्षरक्रमावर टेकतात. शेवटच्या भागात सुमारे बारा वळ्यांची एक पोकळी असते. तिच्यात योग्य रेणू बसला की बारावी वळी डब्याच्या झाकणासारखी बंद होते आणि त्या बदललेल्या पृष्ठभागावर सहकारी प्रथिने येऊन बसतात. ती हिस्टोनांवर (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेले असते त्या प्रथिनांवर) अ‍ॅसिटिल गट चढवून डीएनएची घट्ट गुंडाळी सैल करतात, आणि मग ते जनुक वाचले जाऊ लागते. रेणू नसताना यांतील अनेक रिसेप्टर दाबून ठेवणारी प्रथिने धरून बसतात, म्हणजे हे यंत्र नुसते थांबलेले नसते, ब्रेक लावून उभे असते. पीपीएआर, एलएक्सआर, एफएक्सआर (या तिघांची ओळख पुढे येईल) आणि थायरॉइड व जीवनसत्त्व ड यांचे रिसेप्टर आरएक्सआर नावाच्या सामाईक जोडीदाराबरोबर काम करतात. कॉर्टिसॉलचा रिसेप्टर मात्र पेशीद्रवात एचएसपी-९० या प्रथिनाच्या सोबतीने थांबतो आणि कॉर्टिसॉल मिळाल्यावरच केंद्रकात जातो.

इतिहास थोडक्यात सांगतो. एल्वुड जेन्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत किरणोत्सारी इस्ट्राडायॉल वापरून ते गर्भाशयाच्या पेशींत टिकून राहते हे दाखवले, आणि १९८५-८६मध्ये रोनाल्ड इव्हान्स व पिएर शाँबोन यांच्या प्रयोगशाळांनी या रिसेप्टरांची जनुके हाती आणली. एकमेकांशी काही नाते नसलेल्या संप्रेरकांचे रिसेप्टर एकाच घराण्यातले निघाले, हे त्या काळी खरे आश्चर्य होते. तिघांना २००४मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

आता आईंच्या गोळीकडे येऊ. पायोग्लिटाझोन पीपीएआर-गॅमाच्या पोकळीत बसते. या वर्गातील औषधे साखर कशी उतरवतात हे सुरुवातीला कोणाला माहीत नव्हते. ती पीपीएआर-गॅमाला चिकटतात हे १९९५मध्ये कळले, म्हणजे औषध आधी आणि कुलूप नंतर सापडले. हा रिसेप्टर प्रामुख्याने मेदपेशीत असतो आणि अपरिपक्व पेशीला पूर्ण मेदपेशी बनवणे हे त्याचे मुख्य काम आहे. चरबी साठवायची जागा वाढवणाऱ्या औषधाने मधुमेह सुधारावा हे ऐकायला विचित्र वाटते. परंतु मेद त्वचेखालच्या मेदपेशीत नीट साठला नाही, तर तो यकृतात, स्नायूत आणि पोटाच्या आत जाऊन बसतो, आणि इन्शुलिनला विरोध तिथेच सुरू होतो. पायोग्लिटाझोन हा मेद आतून काढून बाहेरच्या, तुलनेने निरुपद्रवी कोठारात हलवते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या ज्या शरीररचनेकडे लक्ष वेधले, म्हणजे वजनाने सडपातळ पण चरबीने भरलेले शरीर, तिच्या संदर्भात हे विशेष लागू पडते. आपल्याकडच्या पुष्कळ रुग्णांची अडचण चरबी फार असण्यापेक्षा ती चुकीच्या ठिकाणी असण्याची आहे.

हे केवळ उंदरांतले तर्कट नाही. पीपीएआर-गॅमाच्या जनुकात मोठा दोष असलेल्या काही व्यक्तींचे वर्णन १९९९मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी केले. त्यांच्यात तरुण वयातच तीव्र इन्शुलिन-विरोध, मधुमेह आणि उच्च रक्तदाब होता, आणि पुढच्या तपासण्यांत हातपाय व नितंबांवरची चरबी कमी असल्याचे आढळले. निसर्गाने केलेला हा प्रयोग कुठल्याही औषधचाचणीपेक्षा अधिक बोलका आहे असे मला वाटते.

सूज येण्याचे कारण हे की पीपीएआर-गॅमा फक्त मेदपेशीत राहत नाही. मूत्रपिंडाच्या संकलक नलिकांतही तो असतो आणि तिथे तो चेतवला गेला की सोडियम व त्यामागोमाग पाणी जास्त राखले जाते. उंदरांच्या केवळ त्या नलिकांमधून हे जनुक काढून टाकल्यावर या औषधांमुळे साठणारे पाणी बरेच कमी झाले. शिवाय केशवाहिन्यांतून द्रव अधिक झिरपतो. अस्थिमज्जेतील मूळ पेशीसमोर हाड घडवणारी पेशी होणे किंवा मेदपेशी होणे असे दोन रस्ते असतात, आणि हे औषध तिला दुसऱ्या रस्त्याकडे ढकलते. म्हणून विशेषतः स्त्रियांमध्ये हाडे मोडण्याचे प्रमाण वाढते. एकच प्रथिन आणि एकच गोळी असली तरी मेदपेशीत, मूत्रपिंडात आणि हाडात उघडी असलेली जनुके वेगवेगळी असतात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी त्याच हुकुमाचा अर्थ वेगळा लागतो. तुमच्या पुस्तकात ‘दुष्परिणाम’ या मथळ्याखाली जे छापले आहे, ते त्या रिसेप्टरचेच दुसऱ्या गावातले काम आहे.

या औषधांचा इतिहास बरा नाही, हेही सांगितले पाहिजे. या वर्गातले पहिले औषध ट्रोग्लिटाझोन यकृत निकामी झाल्याच्या घटनांमुळे २०००मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेले. रोसिग्लिटाझोनवर हृदयविकाराच्या शंकेमुळे भारताने २०१०मध्ये बंदी घातली. पायोग्लिटाझोनही मूत्राशयाच्या कर्करोगाच्या चिंतेमुळे जून २०१३मध्ये आपल्याकडे थांबवले गेले आणि सुमारे सहा आठवड्यांत ठळक इशाऱ्यासह परत आले. तो दीड महिना मला चांगला आठवतो, कारण वर्षानुवर्षे साखर आटोक्यात असलेल्या रुग्णांची औषधे बदलावी लागली आणि ते पुन्हा मिळू लागल्यावर त्यांतले बरेच जण परत त्याच गोळीवर आले. दुसरीकडे, पक्षाघात किंवा त्याचा सौम्य झटका येऊन गेलेल्या, इन्शुलिन-विरोध असलेल्या परंतु मधुमेह नसलेल्या रुग्णांवर २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांपैकी ९ टक्क्यांना, तर नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी ११.८ टक्क्यांना पुन्हा पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला. त्याच चाचणीत हाडे मोडण्याचे प्रमाणही वाढलेले दिसले. योग्य रुग्ण निवडून कमी मात्रेत दिले तर मी आजही हे औषध वाईट मानत नाही.

याच कुटुंबातला पीपीएआर-अल्फा यकृतात काम करतो. नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास करणाऱ्या माणसाचे शरीर दुसऱ्या दिवशीच चरबी जाळू लागते. मेदपेशीतून सुटलेली मेदाम्ले यकृतात पोहोचून हा रिसेप्टर चेतवतात, आणि तो मेदाम्ले जाळणारी व कीटोन बनवणारी जनुके उघडतो. म्हणजे इंधन स्वतःच आपली भट्टी पेटवण्याचा हुकूम देते. हा रिसेप्टर नसलेले उंदीर उपाशी ठेवले तर त्यांची साखर घसरते आणि यकृत मेदाने भरते. फेनोफायब्रेट इथेच काम करते आणि ट्रायग्लिसराइड उतरवते. परंतु अहवालातला आकडा उतरला म्हणजे हृदय वाचले असे नाही. स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाच्या) जोडीला फायब्रेट देऊन २०१० आणि २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत एकूण रुग्णांमध्ये हृदयविकार कमी झाला नाही. अल्फा आणि गॅमा दोघांनाही चेतवणारे सारोग्लिटाझार झायडस या भारतीय कंपनीने विकसित केले आणि २०१३मध्ये त्याला आपल्याकडे मान्यता मिळाली. या जातीच्या इतर अनेक औषधांचे प्रयत्न सुरक्षिततेच्या कारणाने मध्येच सोडावे लागले होते, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पित्ताम्लांचा रिसेप्टर एफएक्सआर आणि कोलेस्टेरॉलच्या ऑक्सिजनयुक्त रूपांचा एलएक्सआर यांच्याबद्दल एवढेच सांगतो, की पहिला पित्ताम्ले फार झाली की ती बनवणारे विकर (एन्झाइम) बंद करतो आणि दुसरा पेशीत साचलेले कोलेस्टेरॉल बाहेर काढतो. दुसऱ्याला चेतवून धमन्यांचा आजार बरा करण्याची कल्पना सुंदर होती, पण तोच रिसेप्टर यकृतात मेद बनवणारी जनुकेही उघडतो, आणि गाडी तिथेच अडली. एचएनएफ-४-अल्फा या रिसेप्टरमधील दोषामुळे तरुणपणी येणारा, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालणारा मधुमेह होतो. अशा रुग्णाला साध्या सल्फोनिलयुरियाच्या (ग्लिमेपिराइडच्या वर्गातल्या औषधाच्या) छोट्या मात्रेचाही चांगला उपयोग होतो, म्हणून तो ओळखण्यात अर्थ आहे.

थायरॉइडबाबत मात्र या विषयाला अलीकडे खरे फळ आले. थायरॉइड संप्रेरकाचा अल्फा रिसेप्टर हृदयात आणि हाडात प्रबळ असतो, बीटा यकृतात. यकृतातली चरबी जाळायची म्हणून थायरॉइडचे संप्रेरक जादा दिले तर हृदय धडधडते आणि हाडे झिजतात. पण फक्त बीटाच्या पोकळीत बसणारा आणि मुख्यतः यकृतात शिरणारा रेणू बनवता आला तर? रेस्मेटिरोम हा तसा रेणू आहे. मेदयुक्त यकृताला सूज येऊन त्यात व्रणतंतू तयार झालेल्या रुग्णांसाठी त्याला मार्च २०२४मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. एकाच हुकुमाचे वेगवेगळ्या गावांतले अर्थ वेगळे कसे काढायचे, या जुन्या कोड्याचे हे मला दिसलेले सर्वांत नीटनेटके उत्तर आहे.

या घराण्यातला ज्याचा त्रास माझ्या दवाखान्यात सर्वांत जास्त दिसतो, तो मात्र कॉर्टिसॉलचा रिसेप्टर. निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार, वय साठीच्या जवळ, ‘साखर अचानक वाढली’ म्हणून आले. उपाशीपोटी साखर ११८ आणि दुपारच्या जेवणानंतर ३४० होती. चेहरा गोल आणि लालसर झालेला, दंड बारीक, पोटावर जांभळट चिरा, आणि मनगटावर नुसत्या धक्क्याने उमटलेले काळेनिळे डाग. गुडघेदुखीसाठी ते दीड वर्ष रोज सकाळी एक पुडी घेत होते. “गुडघा लोण्यासारखा झाला होता डॉक्टर, फक्त पुडी संपली की अंगातले त्राणच जाते,” असे ते म्हणाले, आणि निदान त्याच वाक्यात होते. पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असावे, कारण त्यांचे स्वतःचे सकाळचे कॉर्टिसॉल जवळजवळ शून्य होते. स्टेरॉइड हा कॉर्टिसॉलच्याच पोकळीत बसणारा, अधिक ताकदीचा रेणू. तो दाह निर्माण करणारी जनुके दाबतो म्हणून गुडघा मोकळा होतो, यकृतात साखर बनवणारी विकरे वाढवतो, स्नायूतील प्रथिने मोडतो, आणि मेंदूत पोहोचून ‘कॉर्टिसॉल भरपूर आहे’ असे भासवत अधिवृक्क ग्रंथीला (मूत्रपिंडावर असलेल्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ग्रंथीला) झोपवतो. साखर दुपारी चढायची आणि सकाळी बरी असायची, कारण पुडी सकाळी घेतली जात होती. ही खूण केवळ उपाशीपोटीची साखर तपासणाऱ्याच्या हातून निसटते.

अशी पुडी रागाने एका दिवसात फेकून देणे हे ती घेण्यापेक्षा धोक्याचे ठरू शकते, कारण झोपलेली ग्रंथी लगेच जागी होत नाही आणि साध्या जुलाबातही रक्तदाब कोसळू शकतो. त्यांना हायड्रोकॉर्टिसोन सुरू करून ते हळूहळू उतरवायला अकरा महिने लागले. वेळ इतका का लागतो हे त्यांना समजावणे मला सोपे गेले. द्राक्षाच्या घडांना जीए (जिबरेलिन या वनस्पती-संप्रेरकाची फवारणी) दिल्यावर मणी त्याच संध्याकाळी फुगत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. (वनस्पतींमध्ये न्यूक्लिअर रिसेप्टरांचे हे घराणे नसते, जिबरेलिनची यंत्रणा वेगळी आहे, पण जनुके उघडून, प्रथिने बनवून परिणाम दिसायला वेळ लागतो, एवढा मुद्दा दोन्हीकडे सारखाच.) कॉर्टिसॉलचे सगळे परिणाम वाईट असे मात्र समजू नका. कोविडमध्ये प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांना डेक्सामेथासोनने वाचवले, आणि २०२१च्या दुसऱ्या लाटेत मधुमेह, बेहिशेबी स्टेरॉइड आणि काळी बुरशी यांची साखळीही आपण पाहिली.

तुम्ही औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थिनी आहात, म्हणून आणखी दोन गोष्टी सांगतो, ज्या औषधाच्या दुकानात उभे राहिल्यावर रोज उपयोगी पडतील. पहिली रिफाम्पिसिनची. क्षयाचे हे औषध यकृतातील पीएक्सआर या न्यूक्लिअर रिसेप्टरला चेतवते. परके रेणू ओळखून ते मोडणारी विकरे वाढवणे हे त्याचे काम. परिणामी गर्भनिरोधक गोळ्या, ग्लिमेपिराइड, प्रेडनिसोलोन, वॉरफरिन ही सारी औषधे शरीरातून लवकर संपतात. क्षयानेच अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्या आणि त्यासाठी हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्या रुग्णाला रिफाम्पिसिन सुरू करताना मात्रा वाढवली नाही, तर क्षयावरचा योग्य उपचारच त्याला संकटात टाकू शकतो. क्षयाची औषधे संपल्यावर ही वाढलेली विकरे ओसरायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि तेव्हा इतर औषधांच्या मात्रा पुन्हा खाली आणाव्या लागतात, हे बहुधा विसरले जाते.

दुसरी गोष्ट ज्येष्ठमधाची. मूत्रपिंडात सोडियम राखण्याचे काम अल्डोस्टेरोन या संप्रेरकाच्या रिसेप्टरचे आहे, पण त्या रिसेप्टरला कॉर्टिसॉलही तितकेच आवडते, आणि रक्तात कॉर्टिसॉल कितीतरी पट जास्त असते. म्हणून मूत्रपिंडाच्या पेशीत एक विकर पहारा देते आणि कॉर्टिसॉलचे निष्क्रिय कॉर्टिसोन करते. ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझिन हा पहारा उठवते. खोकल्यासाठी चार दिवस काडी चघळल्याने काही होत नाही. पण महिनोन्‌महिने रोज काढा घेणाऱ्याचा रक्तदाब वाढला आणि पोटॅशियम उतरले, तर आधी काढ्याची चौकशी करावी.

आता आईंविषयी. त्यांना रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे का, हे आधी पाहा. घोट्याची सूज त्यानेही येते आणि दोन्ही औषधे एकत्र असली की दोष कोणाचा हे ठरवणे अवघड जाते. चालताना धाप लागत असेल, रात्री उशा वाढवाव्या लागत असतील किंवा पूर्वी हृदयविकार झाला असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना भेटा आणि टूडी एको करून घ्या. हृदय कमजोर असलेल्या रुग्णाला हे औषध देऊच नये. तसे काही नसेल, तर मात्रा साडेसात मिलिग्रॅमवर आणणे किंवा औषध बदलणे हे दोन्ही पर्याय त्यांच्या डॉक्टरांसमोर ठेवता येतील. सुजेसाठी घरात पडलेली फ्युरोसेमाइडची गोळी आपल्या मनाने देऊ नका. या प्रकारच्या सुजेवर तिचा उपयोग बऱ्याचदा बेताचाच होतो. स्पायरोनोलॅक्टोन अधिक उपयोगी पडते. मात्र ते अल्डोस्टेरोनच्या रिसेप्टरला अडवणारे, म्हणजे याच घराण्यातले औषध आहे, आणि पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासल्याशिवाय ते सुरू करता येत नाही.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा घेण्याआधी, एकाच काट्यावर त्यांचे वजन करा आणि वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलोने वाढलेले वजन म्हणजे पाणी, तर महिन्यात सावकाश वाढलेले बहुधा मेद. औषध बंद झालेच तर सूज आधी उतरेल आणि साखर मात्र काही आठवडे खाली राहून मग हळूहळू वर येईल. तेव्हा दुसऱ्या आठवड्यातली चांगली साखर पाहून ‘गोळीची गरजच नव्हती’ असे ठरवू नका. एचबीएवनसी तीन महिन्यांनी करा.